रेघ घट्ट, रंग पातळ

जामखेडच्या स्टँडजवळ एका गृहस्थांचं हॉटेल आहे. मागच्या वर्षी त्यांनी भिंतीवर दाराएवढा टीव्ही लावला, तो संगणकाला जोडला आणि त्यावर पदार्थांची यादी झळकवली. काळ्या पाटीवर तांबडी अक्षरं. यादी झळकली खरी, पण अक्षरांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसायला लागल्या. टीव्ही बदलून आणला, तरी तेच. शेवटी कुणीतरी त्यांना सांगितलं की नगरला एक म्हातारा टीव्ही मेकॅनिक आहे, आता काम करत नाही, पण बोलावलं तर येतो. तो म्हातारा मी.

मी गेलो, आधी मिसळ खाल्ली, मग टीव्ही बघितला. हा क्रम मी आयुष्यात कधी चुकवलेला नाही. सेकंदाला साठ चित्रं असं सेटिंग होतं, ते मी तीसवर आणलं. अक्षरं कोरून काढल्यासारखी उभी राहिली.

मालक म्हणाले, "काका, सगळी दुनिया आकडा वाढवा म्हणती आणि तुमी कमी करून चांगलं दाखवलं. ह्ये कसं काय?"

त्यांना सांगितलं तेच इथं सांगतो. पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या दोन गोष्टी कळवाव्या लागतात, तो किती उजळ आहे आणि त्याचा रंग कोणता. टीव्हीपर्यंत येणाऱ्या तारेतून एका वेळी ठरावीकच माल जातो, आणि यांची तार होती जुनी. तिच्यातून सेकंदाला साठ चित्रं पाठवायची म्हटली की सगळा माल मावत नाही. मग यंत्र चलाखी करतं. उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा पाठवतं, रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकदाच. माल निम्म्यावर येतो. सिनेमा बघताना हे कुणालाही कळत नाही, कारण आपला डोळा उजेडाचा हिशेब काटेकोर ठेवतो आणि रंगाचा ठेवत नाही. पण काळ्यावर बारीक तांबडी अक्षरं आली की चोरी उघडी पडते, कारण तिथं रेघच रंगाची असते. आता पदार्थांची यादी काही पळत नाही. तिला सेकंदाला तीस चित्रं पुष्कळ झाली. चित्रं निम्मी केली, तारेत जागा झाली, आणि प्रत्येक ठिपक्याला त्याचा रंग मिळाला.

याला क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात. हे नाव मी केस पिकायला लागल्यावर ऐकलं. गोष्ट मात्र मला विशी-बाविशीतच माहीत झाली होती. शेवगावात, टीव्ही कशाशी खातात हे आमच्या भागात कुणाला ठाऊक नसताना, हातात ब्रश असताना.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची ही गोष्ट. शेवगावात अण्णांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथं रंगारी होतो. भिंती रंगवणारा नव्हे, फोटो रंगवणारा. तेव्हा फोटो काळेपांढरेच निघत. लग्नाचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे मोठे फोटो लोक रंगवून घेत. शिवाय अण्णा टुरिंग टॉकीजसाठी काचेच्या स्लाईडी बनवत. टुरिंग टॉकीज म्हणजे गावोगाव फिरणारा तंबूतला सिनेमा. मध्यंतरात बिडी, चहा, कापडदुकान यांच्या जाहिरातींची स्लाईड पडद्यावर दिसे. तळहाताएवढ्या काचेवर काळापांढरा फोटो उतरवायचा, त्यावर पारदर्शक रंग पातळ करून लावायचे, वरून दुसरी काच ठेवून कडा काळ्या कागदानं चिकटवायच्या. बस.

या कामाची खुबी अशी, की काचेवर केसभर चुकलेला ब्रश पडद्यावर वीतभर चुकलेला दिसतो. पहिले काही दिवस मी घामाघूम होऊन गालाच्या कडेपर्यंत रंग नेत बसायचो. मग एकदा तंबूत बसून माझीच स्लाईड बघितली. कापडदुकानाच्या जाहिरातीतल्या बाईच्या साडीचा हिरवा रंग चांगला वीतभर बाहेर सांडला होता, आणि शेजारी बसलेल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. पण तिची भुवई मी काळ्या शाईनं दुरुस्त केली होती, ती जरा वर गेली होती. तेवढ्यानं बाई रागावलेली वाटत होती आणि लोक हसत होते. त्या दिवशी मी शहाणा झालो. रंग सांडला तर चालतो, रेघ हलली तर माणूस बदलतो. तेव्हापासून मी माझा वेळ रेघेवर घालवला आणि रंग मोकळ्या हातानं टाकला. अण्णा मला आळशी म्हणायचे. मी काही आळशी नव्हतो, पण त्यांच्याशी वाद घालण्याचा मला आळस होता हे खरं.

एके दिवशी तिसगावकडची एक बाई स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. पस्तिशीची असेल, उन्हानं रापलेली, अंगावर डाळिंबी लुगडं. नाव सरूबाई. तिचा दीर हरवला होता. त्याचं नाव म्हादू. चांगला पंचविशीतला गडी, पण जन्मापासून मुका आणि बहिरा. सासू गेली तेव्हा तो रांगत होता आणि ही नुकतीच लग्न होऊन आली होती, त्यामुळे दीर म्हणायचा तेवढाच, वाढवला हिनंच.

दिवाळी झाली की त्या भागातली कितीतरी माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, तशी ही तिघंही निघाली होती. नवरा, सरूबाई आणि म्हादू. तिसगावच्या स्टँडवर वेगवेगळ्या कारखान्यांचे ट्रक एकाशेजारी एक उभे होते. सगळ्यांवर सारखंच सामान, पेंढ्या, पातेली, गोधड्या, कोंबड्यांच्या पाट्या. म्हादू पाणी प्यायला उतरला आणि परत येऊन दुसऱ्याच ट्रकमध्ये चढला. हाका मारून उपयोग नव्हता. यांना वाटलं तो मागं सामानावर बसलाय. कारखान्यावर उतरल्यावर कळलं की सामानावर कुणी नाही.

"आमच्या मालकांनी चार कारखानं पालथं घातलं," सरूबाई म्हणाली. "ज्याला त्याला इचारलं, एक मुका मानूस आलाय का. पर त्यो मुका हाय ह्ये कळाया बी दिवस जातो, भाऊ. गप ऱ्हानारा मानूस कुनाच्या ध्यानात ऱ्हातोय?"

हरवलेल्या माणसांच्या स्लाईडी आम्ही नेहमी करायचो. वर फोटो, खाली मजकूर. आणि हंगामात टुरिंग टॉकीज कारखान्यांच्या आसपासच तंबू ठोकायच्या, कारण प्रेक्षक तिथं असायचा. अण्णांनी फोटो मागितला. तिनं कमरेच्या पिशवीतून एका लग्नातला घोळक्याचा फोटो काढला. मागच्या रांगेत म्हादू होता. चेहरा तुरीच्या डाळीएवढा, आणि तोही हललेला. फोटोग्राफर 'हलू नका' म्हणून ओरडला असणार, आणि हे सगळ्यांना ऐकू गेलं, एक त्याला सोडून. मी भिंग लावून बघितलं. नाक कुठं संपतं आणि ओठ कुठं सुरू होतात ते कळत नव्हतं. रेघच नव्हती. त्यावर कितीही रंग चढवला असता तरी तो कुणाचाही चेहरा झाला असता.

अण्णांनी तिला तसं सांगितलं. जरा जास्तच सरळ सांगितलं. तिनं फोटो परत कमरेच्या पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "मंग माजा काढा."

अण्णा म्हणाले, "बाई, हरवलंय कोण?"

"त्यो हरवलाय. पर त्याला तिथं वळखनार कोन हाय? त्याचा फोटो बगून कोन सांगनार, ह्यो म्हादू म्हून? त्यो मला वळखंल की. मी दिसले की उठंल."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही हरवलेल्या माणसांच्या स्लाईडी करत होतो, पण शोधणाऱ्याची स्लाईड करावी हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तसं ते येण्याचं कारणही नव्हतं, कारण बाकी सगळे हरवलेले बोलणारे होते. अण्णा फारसं कुणाचं ऐकणारे नव्हते. पण त्यांनी मुकाट्यानं कॅमेरा लावला.

आमच्याकडे फोटोसाठी मागं एक पडदा होता, राजवाडा, कारंजं आणि दोन मोर. सरूबाईनं तो काढायला लावला. म्हणाली, एवढ्या मोठ्या वाड्याम्होरं बसल्यालं बगून त्यो बिचकंल. साध्या भिंतीपुढं ती मांडी घालून बसली, पदर डोक्यावर घेतला, आणि उजव्या हाताची पाचही बोटं जुळवून तोंडापाशी नेली. घास घेताना नेतो तशी. शेतात लांब असलेल्या म्हादूला ती जेवायला अशी बोलवायची.

अण्णा म्हणाले, "हात खाली घ्या. लोक हसतील."

"हसू द्या की."

अण्णांनी फोटो काढला. मी काच केली आणि रंगवायला बसलो. इथं आमचं वाजलं. अण्णांचं म्हणणं, तंबूत शेवटच्या माणसाला दिसलं पाहिजे, तेव्हा रंग भडक घे. त्यांनी स्वतः ब्रश घेऊन लुगड्यावर असा काही डाळिंबी ओतला की तो हातावर उतरला आणि पाच बोटांचा एक गोळा झाला. ते जेवायला घरी गेल्यावर मी तो कापसानं पुसून काढला. लुगड्याला पातळ डाळिंबी दिला, चेहऱ्याला नुसता हात फिरवल्यासारखा रंग, आणि बोटं तशीच सोडली, काळीपांढरी. बोटांमधल्या फटी मात्र बारीक निबानं, काळ्या शाईनं, श्वास रोखून पक्क्या केल्या. मजकूर अण्णांना तांबड्यात पाहिजे होता. मी तोही काळ्यात लिहिला. 'ही बाई पाहून जो मुका माणूस उठेल, त्याला मॅनेजरकडे आणावे.'

अण्णा आले, त्यांनी काच उजेडाला धरली, आणि कडांना चिकटवायचा काळा कागद माझ्यापुढं सरकवला. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक मला कधी मिळालं नाही.

स्लाईड आम्ही इस्माईलभाईंकडे दिली. हे एका टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर, उंच, सडपातळ, कानात कायम अत्तराचा बोळा. त्यांचा तंबू श्रीरामपूरकडच्या कारखान्यांच्या बाजूला फिरायचा. सरूबाई नवऱ्याला उसाच्या फडात सोडून परत गावी येऊन राहिली होती, न जाणो म्हादू आपला आपण घरी आला तर दार बंद नको म्हणून. शेवगावच्या बाजाराला आली की स्टुडिओच्या पायरीवर बसायची. विचारायची काही नाही. मी दुकानातून बाहेर आलो की माझ्या तोंडाकडे बघायची, आणि उठून जायची. त्या दिवसांत मला बाजाराच्या दिवशी बाहेर यायचं नको वाटायचं.

मग एका दुपारी इस्माईलभाई स्वतः एस.टी.नं आले. आत येऊन त्यांनी रुमालातून स्लाईड काढून माझ्या टेबलावर ठेवली. काच मधोमध तडकली होती. डाळिंबी रंग उडून मळकट पिवळा झाला होता. कडांना फोड आले होते. मला वाटलं, काच फुटली म्हणून दुसरी मागायला आलेत.

सिनेमाच्या यंत्रातला दिवा म्हणजे साक्षात आग. फिल्म त्याच्यासमोरून पळत असते, सेकंदाला चोवीस चित्रं. डोळ्यापुढं लुकलुक होऊ नये म्हणून यंत्राचं पातं प्रत्येक चित्र दोनदा दाखवतं. तरी एकही चित्र त्या आगीपुढं क्षणभरापेक्षा जास्त थांबत नाही. स्लाईड मात्र जागची हलत नाही, म्हणून ती चटकन बदलावी लागते. इस्माईलभाईंसारखा ऑपरेटर स्लाईड जाळेल हे मला खरं वाटेना.

"मैंनेच जाळली," ते म्हणाले, आणि बसले. मग त्यांच्या नेहमीच्या मिसळलेल्या बोलीत त्यांनी सांगितलं.

पहिला खेळ होता, दिवेलागणीनंतरचा. मध्यंतरात बिडीची स्लाईड झाली, चहाची झाली, मग सरूबाईची लावली. पुढं मातीत बसलेल्या तोडकऱ्यांमधून एक माणूस उठला आणि पडद्याकडं चालायला लागला. लोक ओरडले, बस खाली. तो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, आणि त्यानं हाताची पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली. पुन्हा नेली. पुन्हा.

"कोई समझा नहीं," इस्माईलभाई म्हणाले. "दोघं जण त्याला वढायला गेले. त्यानं बांबू धरला, सोडंना. मग कुणीतरी खालचं लिखान मोठ्यानं वाचलं. और दोनों ने उसका हाथ छोड दिया. मेरा हेल्पर बोल्या, भाई, काच जायेगी. मी म्हटलं, जाऊ दे. तो बघतोय ना, त्याला बघू दे."

रंग आधी फिका झाला, मग पिवळा. मग काच तडकली. तेव्हा इस्माईलभाईंना दिवा झाकावा लागला. पडदा कोरा झाला तसा म्हादू पडदा उचलून मागं गेला, ती तिथं आहे का बघायला. मॅनेजरनं त्याला तिथंच धरून बसवलं, चहा पाजला आणि त्याची टोळी कुठं उतरलीय ते बरोबरच्यांना विचारून घेतलं.

मी काच उजेडाला धरली. रंग म्हणून काही उरलं नव्हतं. पण डोक्यावरचा पदर, डोळे आणि जुळवलेली पाच बोटं जशीच्या तशी होती. मला रडू आलं. इस्माईलभाई मोठ्या मनाचे, त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

त्याच दिवशी तिसगावकडे निरोप धाडला, आणि दुसऱ्या सकाळी सरूबाई आणि मी एस.टी.नं श्रीरामपूरकडे निघालो. अण्णांनी माझ्या गळ्यात स्टुडिओचा कॅमेरा अडकवला. दीर-भावजयीच्या भेटीचा फोटो त्यांना दुकानाच्या काचेत लावायचा होता. म्हणाले, "दोघं हसताना पाहिजेत. रडके फोटो लावून गिऱ्हाईक येत नाही." माणूस वाईट नव्हता, पण धंदा धंद्याच्या जागी ठेवायचा. वाटेत नेवाशाला गाडी थांबली तेव्हा सरूबाई म्हणाली, "भाऊ, त्योच आसंल न्हवं?" मी हो म्हणालो. पण मला तरी काय ठाऊक होतं?

तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, शेताच्या कडेला ओळीनं होत्या. म्हादू वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी डोक्यावर घेऊन येत होता. आम्हाला बघून थांबला. पेंढी खाली ठेवली, नीट, सुटू नये अशी. मग चालत आला आणि सरूबाईच्या पदराचं टोक मुठीत घेऊन उभा राहिला. ती हातानं त्याला रागं भरत होती, कुठं गेलास, का गेलास, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो मान हलवत होता, पण पदर सोडत नव्हता. एवढा मोठा गडी.

मग त्यानं तिला तसंच ओढत एका कोपीपाशी नेलं. दारात एक बाई उभी होती. गोदाबाई. पाथर्डीच्या पलीकडची, विधवा, भावाच्या टोळीबरोबर आलेली. चुकून चढलेला हा माणूस तिच्याच ट्रकमध्ये, तिच्याच पातेल्यांवर बसला होता.

"आमी लई इचारलं, बाई," ती सरूबाईला म्हणाली. ती अपराध्यासारखी उभी होती, आणि तिचा अपराध काहीच नव्हता. "गाव इचारलं, नाव इचारलं. त्यो नुसता हसायचा. मंग मीच राजा म्हनाया लागले. त्याला आयकू न्हाई येत, पर मला तरी कायतरी म्हनावं लागतंच की. लई गुनाचा हाय. मी तोडायची, त्यो मोळ्या बांधायचा. भाकरी वाडल्याबिगर कवा हात लावला न्हाई."

सरूबाईनं तिचा हात हातात घेतला. दोघी खाली बसल्या. तो त्यांच्या मधे बसला, एकदा हिच्याकडे बघत, एकदा तिच्याकडे, आणि त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते मी पुढं कधी कुणाच्या फोटोत पकडू शकलो नाही. गोदाबाई उठली, आत गेली आणि त्याची गोधडी घडी करून घेऊन आली. ती तिचीच होती, तिनंच त्याला दिलेली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "थंडी हाय." म्हादूनं घडी केलेली गोधडी बघितली आणि त्याचं हसू गेलं. तो उठला, गोधडी घेतली आणि परत कोपीत नेऊन ठेवली. गोदाबाईनं ती पुन्हा आणली. त्यानं पुन्हा आत नेली.

उन्हं कलायला लागली होती. परतीची गाडी चुकली असती. मला काय करावं सुचेना, तेव्हा मी आपलं काम काढलं. कॅमेरा उघडला आणि सरूबाईला म्हणालो की दोघं जरा शेजारी शेजारी उभे राहा, अण्णांनी सांगितलंय.

ती म्हणाली, "माजा नगं. मी हायेच की त्याच्या म्होरं, जलमभर. हिचा काढा."

मी म्हणालो, "यांचा कशाला?"

"उद्या घरी गेल्याव त्यो हिला हुडकाया लागंल, भाऊ. तवा मी त्याला काय दावू?"

गोदाबाईच्या हातातोंडाला उसाच्या फडातली काळी धूळ होती, केस पिंजारले होते. ती गडबडीनं तोंड धुवायला तांब्या उचलू लागली. सरूबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे बाई, धू नगंस," ती म्हणाली. "त्यानं तुला अशीच बगितलीया."